ओलीला भिणारे भट्टीआबा

वीस फेब्रुवारी, सोमवार. रक्कम पंधरा हजार एकशे वीस रुपये, आगाऊ. हजर माणसं चार: मी, माझी बायको सुनंदा, चाकणच्या एका कंपनीच्या पर्सोनेल खात्यातला तरुण साहेब, आणि उंबऱ्याबाहेर चपला घालूनच उभे असलेले भट्टीआबा. पैसे मी दोनदा मोजले. आबांनी पैशांकडे पाहिलंही नाही. ते कोपऱ्यातल्या नव्या ओव्हनकडे बघत होते. अनोळखी कुत्रं दारात बसलेलं असावं आणि आपल्याला आत जायचं असावं, तसं.

"ह्यात काय तापवणार हाय?" त्यांनी विचारलं.

"कप, आबा. चहाचे. त्यांच्यावर नावं छापायची."

"किती तापवणार?"

"दोनशे डिग्रीच्या आसपास."

आबा एक पाऊल मागे सरकले.

हा माणूस एकतीस वर्षं भोसरीच्या एका कारखान्यात हीट ट्रीटमेंटला, म्हणजे लोखंडी भाग तापवून कडक करायच्या खात्यात होता. साडेआठशे डिग्रीची भट्टी त्यांनी रोज उघडली आणि बंद केली. कुरुळीत त्यांना सगळे भट्टीआबा म्हणत, आणि गावात उष्णतेला त्यांच्याइतकं भिणारं दुसरं कोणी नव्हतं. घरात गॅस पेटला की ते ओसरीवर येऊन बसत. "भट्टीआबा असून भिताय व्हय?" असं कोणी चिडवलं तर म्हणत, "तुमी पाह्यली न्हाई म्हनून भीत न्हाई." आम्ही कप छापणार होतो तो गाळा त्यांचाच होता, त्यामुळे त्यांनी नको म्हटलं असतं तर तिथेच संपलं असतं. ते नको म्हणाले नाहीत. फक्त म्हणाले, "स्टोअरवाले, मी दारात बसंन."

मला ते स्टोअरवाले म्हणत, कारण बावीस वर्षं मी चाकणच्या एका कंपनीत स्टोअर सांभाळलं होतं. कंपनीनं आमचा विभाग दुसऱ्या राज्यात हलवला आणि एकोणपन्नासाव्या वर्षी मी घरी बसलो. आठ महिने बसलो. मग हातातल्या पैशातून ओव्हन, प्रिंटर आणि शाई घेतली. ही पहिली मोठी ऑर्डर होती: मार्चच्या सुरक्षा सप्ताहासाठी दोनशे सोळा कप, प्रत्येकावर एका कामगाराचं नाव आणि खाली एक ओळ, 'सुखरूप घरी या'. तीन मार्चला सकाळी पोचवायचे. कोरे कप मिळाले दोनशे तीस. म्हणजे चौदा जास्तीचे. त्या मालाचा पुरवठादार महिनाभर दुसरे देणार नव्हता. पंधरावा कप बिघडला की कोणाचं तरी नाव राहणार, हे मी पहिल्याच दिवशी भिंतीवर खडूनं लिहून ठेवलं: १४.

काम सांगायला सोपं आहे. खास शाईनं कागदावर उलटं नाव छापायचं, कागद कपाला टेपनं बसवायचा, वरून सिलिकॉनचा पट्टा आवळायचा आणि कप ओव्हनमध्ये ठेवायचा. उष्णतेनं शाईची वाफ होते आणि ती कपाच्या लेपात शिरते. बुधवारी सकाळी मी पहिले सहा कप ठेवले, पंधरा मिनिटं मोजली आणि बाहेर काढले. सहाच्या सहा वाया. दोन फिके, दोन तपकिरी पडलेले, आणि दोहोंवर नावाच्या मधोमध पांढरे डाग, जणू अक्षरांना देवी आल्या होत्या. मी भिंतीवरचे १४ पुसून ८ लिहिले. लिहिताना खडू मोडला.

आबा दारातून बोलले, "कागद आन इकडं."

मी एक छापलेला कागद दिला. त्यांनी तो पाहिला नाही, वासही घेतला नाही. गालाला लावला, डोळे मिटले, आणि अगदी हळू म्हणाले, "गार लागतुया. वला हाय ह्यो."

"आबा, कोरा करकरीत कागद आहे."

"गालाला गार लागला म्हंजी वला. कपबी वले हायेत. मोरीच्या भिंतीला लावून ठिवलेत तुमी."

ओल हा शब्द उच्चारताना त्यांचा आवाज खाली यायचा. घरात आजारी माणूस झोपलेलं असताना आपण बोलतो, तसा. त्या दिवशी दुपारी त्यांनी सगळे कप गच्चीवर उन्हात मांडायला लावले. कागद सुनंदाच्या तांदळाच्या रिकाम्या डब्यात गेले, झाकण घट्ट. प्रत्येक कप छापण्याआधी दहा मिनिटं नुसताच तापवायचा, थंड होऊ द्यायचा, कोरड्या फडक्यानं पुसायचा आणि मगच कागद लावायचा. "आधी वल मारायची," ते म्हणाले, "मग रंग."

ओव्हनच्या काट्यावर त्यांचा विश्वास नव्हता. "त्यो कंपनीचा मानूस हाय, कंपनीचंच सांगनार." घरातून त्यांनी तारेचं जुनं थर्मामीटर आणलं, ते मला चारही कोपऱ्यांत फिरवायला लावलं, आणि स्वतः दारातून आकडे विचारत राहिले. काटा एकशे पंच्याण्णव दाखवत होता. पुढच्या डाव्या कोपऱ्यात एकशे शहात्तर निघाले, मागच्या उजव्या कोपऱ्यात दोनशे अकरा. फिके कुठे होते आणि करपलेले कुठे, ते तिथेच कळलं. ते दोन कोपरे खडूनं फुली मारून बंद झाले. सहा कपांच्या ओव्हनमध्ये आता चारच कप. दोनशे सोळा भागिले चार, चौपन्न खेपा. मी मनात वेळ मांडली, मग बोटांवर पुन्हा मोजली.

दुसऱ्या दिवशी गुरुवार होता. गुरुवारी आबा धुतलेला सदरा घालून बसनं कासारवाडीला जात. कुठे, ते सांगत नसत. "ठेसनापर्यंत," एवढंच. जाताना म्हणाले, "आज बेस्तरवार. भट्टी लावू नगा. लाइटीचा भरवसा न्हाई." आमच्या पट्ट्यात गुरुवारी कारखान्यांना सुट्टी असते आणि दुरुस्तीसाठी वीज कधीही जाते, हे मला ठाऊक नव्हतं असं नाही. पण भिंतीवरच्या आकड्यापेक्षा तारखेची भीती मोठी झाली होती. अकरा वाजता मी चार कप ठेवले. अकरा वाजून नऊ मिनिटांनी वीज गेली. मी घाबरून दार उघडलं, मग बंद केलं, मग परत उघडलं. वीस मिनिटांनी वीज आली तेव्हा मी तेच कप पुन्हा तापवले. चारही नावं दुहेरी उमटली, एका नावामागे दुसरं त्याचंच भूत. भिंतीवर लिहिलं: ४.

दुपारी आबा परतले. भिंत पाहिली आणि पहिल्यांदाच गाळ्याच्या आत येऊन स्टुलावर बसले. मला वाटलं, आता बोलणी खावी लागणार. ते रागावले नाहीत. हात मांडीखाली दाबून ते सांगू लागले.

"आमच्याकडं सॉल्ट बाथ व्हता. वितळल्यालं मीठ, पान्यावानी दिसतं. जॉब, म्हंजी लोखंडाचा भाग, धुवायचा, वाळवायचा, हीटरवर ठिवायचा आन मग त्यात सोडायचा. वाळवल्याबिगर न्हाई. येकदा येकानं वला जॉब सोडला. जास्ती न्हाई वो, चमचाभर पानी आसंल. त्याची वाफ झाली आन मीठ उडालं. समोर निवृत्ती उभा व्हता, माझा जोडीदार. तोंड गेलं त्याचं. येक डोळा गेला."

सुनंदा दारापाशी थांबली होती. तिनं विचारलं, "मग ओला जॉब सोडणाऱ्याचं काय झालं?"

"काय न्हाई," आबा म्हणाले. "कुनी इचारलंच न्हाई." मग माझ्याकडे वळून, "भ्यायचं, स्टोअरवाले. खुशाल भ्यायचं. पन घाईनं भ्यालं की मानूस दार उघडतो. मोजून भ्या."

त्या संध्याकाळी त्यांनी आपला दर सांगितला. उद्यापासून ते दिवसभर बसणार. एका चांगल्या कपामागे दहा रुपये, खराब कपाला काही नाही. चांगला कुठला, ते तेच ठरवणार. मी लगेच हो म्हटलं. पण पहिल्या दिवसाचे पैसे द्यायला गेलो तर त्यांनी हात मागे घेतला. "तुझ्याकडंच ठिव. कुनाला द्यायचं ते सांगंन." मी एका पाकिटावर 'आबा' लिहिलं आणि ते कपाटात ठेवलं.

शुक्रवारपासून बुधवारपर्यंत सहा दिवस, रोज नऊ-दहा खेपा. आबांनी ओव्हनच्या मुठीला एकदाही हात लावला नाही. स्टुलावरून फक्त सांगत. दार उघडताना समोर उभं राहायचं नाही, बाजूला व्हायचं, कारण भट्टी आधी श्वास सोडते. चार गार कप आत गेले की काटा पडतो, तो परत वर येईपर्यंत घड्याळ लावायचं नाही. पट्टा कानापाशी, म्हणजे कपाच्या मुठीपाशी, सैल राहतो, तिथे अंगठ्यानं दाबून बघायचं. कप निघाला की कागद लगेच सोलायचा, पण कप पाण्यात घालायचा नाही, लाकडी फळीवर आपोआप निवू द्यायचा. शाईची वाफ बाहेर जायला खिडकी उघडी. आणि ह्या ओव्हनमध्ये पुढे कधी नानकटाई नाही, हे त्यांनी सुनंदाकडून वदवून घेतलं.

प्रत्येक खेपेचे कप मी फळीवर मांडायचो. सुनंदा नावं वाचायची आणि यादीवर खूण करायची. एकदा मी म्हटलं, "आबा, एखादं राहिलंच तर त्याला दुसरं काहीतरी देता येईल." आबा यादीकडे बघत म्हणाले, "दोनशे पंधरा जनांच्या हातात कप, आन येक जन मोकळा उभा. त्याला काय वाटंल? आपुन मोजनीतच न्हाई, आसं." पुन्हा मी तो विषय काढला नाही.

तीन कप त्या सहा दिवसांत गेले. एक सुनंदाच्या हातून पडला. एकाची टेप सुटली. एक माझी चूक: नाव उलटं करायला विसरलो आणि ते आरशात वाचावं लागेल असं छापलं. भिंतीवर १ उरला.

शेवटची खेप बुधवारी दुपारी तीनला लागली. चार कप आत, चार नावं बाकी, जास्तीचा एक. घड्याळाची सहा मिनिटं झाली आणि दिवा मिणमिणला. मग गेला. पंखा फिरत फिरत थांबला, आणि गाळ्यात इतकी शांतता झाली की ओव्हनचा पत्रा निवताना टिक् टिक् करतोय ते ऐकू आलं. माझा हात आपोआप मुठीकडे गेला. आबा उठले. स्टुलावरून उठले आणि ओव्हन आणि माझ्या मध्ये येऊन उभे राहिले, पाठ ओव्हनकडे करून. ते थरथरत होते. सदऱ्याची बाही हलताना दिसत होती.

"उघडू नगंस."

"आबा, आत काय होतंय ते तरी बघू द्या!"

"बघून काय करशील? काटा सांग."

"एकशे नव्वद."

"आता?"

"एकशे सत्त्याऐंशी."

ते विचारत राहिले आणि मी सांगत राहिलो. एकशे ब्याऐंशीला पंखा हलला. वीज आली होती, चार मिनिटांनी. आबांनी काटा परत वर येऊ दिला आणि म्हणाले, "आता उरल्याली नऊ लाव. वर दोन जास्ती." अकरा मिनिटं ते तिथून हलले नाहीत. कप निघाले. सुनंदानं एकेक नाव मोठ्यानं वाचलं. चारही स्वच्छ, काळीभोर अक्षरं, कानापर्यंत. आबांनी प्रत्येक कप खिडकीपाशी नेऊन फिरवून पाहिला आणि मग भिंतीला टेकून खालीच बसले. त्यांच्या पाठीवर सदरा घामानं चिकटला होता. आमच्यातल्या कोणालाच हसू आलं नाही.

शुक्रवारी, तीन मार्चला सकाळी, मी टेम्पोत कप भरत असताना आबा एक जुना फोटो घेऊन आले. कारखान्याच्या गेटसमोर गणवेशातले दोन तरुण. एक आबा होते. "उरल्याल्या कपावर ह्यो छापायचा."

"दुसरे कोण?" मी विचारलं.

"हाय येक."

मी फोटो कागदावर छापून दिला. विचारलं, "खाली ती ओळ घालू? सुखरूप घरी या?"

"नगं. ती आता कशाला." मग म्हणाले, "तू जा तुझा माल घिऊन. ह्यो मी करतो."

एकतीस वर्षं त्यांनी भट्टी रोज उघडली होती, पण कारखाना सोडल्यापासून एकदाही नाही. एवढ्या काळानंतर त्यांनी त्या दिवशी पहिल्यांदा, एकट्यानं, भट्टीचं दार उघडलं. मी कंपनीत कप मोजून देऊन, उरलेले पैसे घेऊन परत आलो तेव्हा कप वर्तमानपत्रात गुंडाळून सुतळीनं बांधलेला होता. मला दाखवला नाही. "चांगला निघाला," एवढंच म्हणाले. "लिव्ह." मी लिहिला. दोनशे सतरा.

त्यानंतर सव्वादोन वर्षं आबा रोज गाळ्यात बसले. ऑर्डरी येत गेल्या, वाढदिवसाच्या, निरोपसमारंभाच्या, गणेश मंडळाच्या. मी हळूहळू त्यांच्यासारखाच झालो. आजही कागद गालाला लावल्याशिवाय मी कपाला लावत नाही, आणि गुरुवारी ओव्हनचा प्लग काढून ठेवतो. आबांचे गुरुवार चालूच होते. फक्त आता त्यांच्या हातात एक कापडी पिशवी असायची. जाताना तिला जितकं वजन दिसे, येतानाही तितकंच.

जूनमध्ये त्यांनी अंथरूण धरलं. जुलैच्या एका सकाळी त्यांनी मला बोलावून घेतलं. पिशवी उशाशी होती.

"त्यो येक म्हंजी मी," ते म्हणाले.

मला आधी कळलं नाही.

"वला जॉब. शिफ्ट सुटायला धा मिन्टं व्हती. घाई व्हती मला. पुसला न्हाई, वाळवला न्हाई, सोडला. निवृत्तीनं कदी इचारलं न्हाई, मी कदी सांगितलं न्हाई. कासारवाडीला ठेसनाच्या मागं ऱ्हातो त्यो. दर बेस्तरवारी जातो मी. त्याचं दार दिसतं. वाजवायला हात उचलत न्हाई." त्यांनी पिशवी माझ्याकडे सरकवली. "पाकिटबी त्यालाच. तू सांग. मला भ्या वाटतं."

मी त्यांच्या हातावर हात ठेवला. तो कोरडा होता, तापलेला. चौथ्या दिवशी ते गेले.

तेराव्यानंतरच्या गुरुवारी मी कासारवाडीला गेलो. चाळीतली एक खोली, खिडकी रस्त्याकडे. दार निवृत्तीरावांनीच उघडलं. चेहऱ्याची डावी बाजू ताणलेली, गुळगुळीत, आणि त्या बाजूचा डोळा मिटलेला. अपघातानंतर कारखान्यानं त्यांना तपासणी विभागात घेतलं होतं आणि तिथूनच ते निवृत्त झाले होते. वाटेत मी वाक्यं जुळवली होती. त्यांच्यासमोर बसल्यावर एकही आठवेना. तळहात ओले झाले होते. आबा गेले आणि हा कप त्यांनी स्वतः छापलाय, एवढं सांगितलं आणि पिशवी पुढे केली.

त्यांनी सुतळी सोडली. फोटोकडे पुष्कळ वेळ पाहिलं. मग सवयीनं उठून कप खिडकीच्या उजेडात नेला आणि उजव्या डोळ्यासमोर हळूहळू फिरवला. कानापाशी थांबले. नख ठेवलं.

"हे काय आहे?"

मी वाकून पाहिलं. दोन पांढरे ठिपके, राईएवढे. फोटोतल्या आबांच्याच खांद्यावर.

"ओल राहिली की असं होतं," मी म्हणालो. माझा माझ्या डोळ्यांवर विश्वास बसत नव्हता. आबांच्या हातून ओल राहिली होती.

"पुसला नसेल नीट," निवृत्तीराव म्हणाले. "त्या दिवशीही पुसला नव्हता."

मी कपावरून मान वर केली. विचारलं, "तुम्हाला माहीत होतं?"

"समोर उभा होतो ना मी. जॉबची बास्केट त्याच्या हातात, आणि खालून थेंब टपकला तो मी पाहिला. ओरडायला तोंड उघडलं तेवढंच."

"मग बोलला का नाहीत?"

"नोकरी गेली असती त्याची. लहान दोन पोरी होत्या त्याला. म्हटलं, येईल आपण होऊन सांगायला. नाही आला. मग ह्या खिडकीतून दर गुरुवारी दिसायला लागला, त्या टपरीपाशी. पिशवी घेऊन उभा राहायचा आणि जायचा. हाक मारावी असं वाटायचं. पण आला आणि बोललाच, तर मी काय म्हणणार होतो? मलाही भीती वाटायची, साहेब."

दोघेही जण, एक रस्त्यावर आणि एक खिडकीत. मी मान खाली घालून पाकीट पुढे केलं आणि दर सांगितला: चांगल्या कपामागे दहा, खराब कपाला काही नाही. एकूण एक हजार नऊशे चार कप, एकोणीस हजार चाळीस रुपये.

ते घेणार नाहीत असं मला वाटलं होतं. त्यांनी घेतले, मांडीवर ठेवून शांतपणे मोजले, आणि विचारलं, "हा कप चांगल्यात धरलाय का?"

"धरलाय. आबांनीच सांगितलं होतं."

"चूक आहे." त्यांनी दहाची एक नोट काढून माझ्या हातात ठेवली. कप मात्र परत दिला नाही. तो त्यांनी खिडकीत ठेवला, फोटोची बाजू टपरीकडे करून.

दिले एकोणीस हजार तीस रुपये, निवृत्तीरावांना, रोख.